टेकऑफनंतर लगेच बिघाड झाला तर: पहिल्या पाच मिनिटांत काय, कोणत्या क्रमाने

टेकऑफनंतर काही बिघडलं की शिकाऊ वैमानिकाचा हात आधी कुठे जातो, हे मी शेजारच्या सीटवरून कित्येकदा पाहिलंय. दार उघडलं की दाराकडे, दिवा लागला की स्विचकडे, काटा अडकला की काचेवर टकटक करायला. तेवढ्या वेळात विमानाचं नाक वर सरकतं, वेग उतरत जातो, आणि ज्या बिघाडाने कुणाचंही काही बिनसलं नसतं तोच जिवावर बेततो. चेकलिस्ट बहुतेकांना पाठ असते. चुकतो तो क्रम.

हा लेख एका इंजिनाच्या छोट्या विमानासाठी, दिवसा आणि स्वच्छ हवेत उडणाऱ्यांसाठी आहे. आकडे सेसना १७२एस या विमानाचे धरले आहेत, वेग नॉटमध्ये (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर). तुमचं विमान वेगळं असेल तर त्याच्या हँडबुकातले आकडे शोधून इथल्या आकड्यांच्या जागी लिहा. हँडबुक आणि हा लेख यांत फरक दिसला तर हँडबुक खरं.

१. तयारी: निर्णय जमिनीवरच घ्या

दोनशे फुटांवर डोकं नवीन निर्णय घेत नाही, आधी घेतलेला निर्णय फक्त आठवतं. म्हणून रनवेवर जाण्याआधी स्वतःला मोठ्याने सांगा. एकटे असलात तरी मोठ्याने. मी विद्यार्थ्यांकडून साधारण हे म्हणून घेतो:

"रनवेवर असताना काहीही खटकलं तर थ्रॉटल बंद, ब्रेक, थांबणार. हवेत गेल्यावर पुढे पुरेसा रनवे शिल्लक असेल तर त्यावरच परत टेकणार. रनवे संपल्यावर इंजिन गेलं तर नाक खाली, ७० नॉट, समोर डावी-उजवीकडे ३० अंशांच्या आत जी मोकळी जागा दिसेल तिथे उतरणार. इंजिन नीट ओढत असेल आणि दुसरं काही बिघडलं असेल, तर जमिनीपासून हजार फुटांपर्यंत फक्त विमान उडवणार."

यात त्या दिवसाची माहिती भरा. वारा कुठून आहे? रनवेच्या पुढे शेत आहे, वस्ती आहे की पाणी? डावीकडे वळणं बरं की उजवीकडे? रोजचा रनवे असला तरी वारा रोजचा नसतो.

बाहेरून विमान तपासताना पुढच्या चार गोष्टींवर जास्त वेळ द्या. टेकऑफनंतरचे बरेच बिघाड इथेच पकडता येतात.

- पिटो ट्यूबचं (वेग मोजण्यासाठी समोरच्या हवेचा दाब घेणाऱ्या नळीचं) कव्हर काढलंय का, आणि छिद्र मोकळं आहे का? गांधीलमाशीला मातीचं घर बांधायला ते छिद्र फार आवडतं. फुंकर मारून तपासू नका, आतलं उपकरण खराब होतं.
- स्टॅटिक पोर्टवर (बाहेरच्या हवेचा स्थिर दाब घेणाऱ्या छिद्रावर) टेप, मेण किंवा पाणी नाही ना? विमान धुतल्यानंतरच्या पहिल्या उड्डाणाला हे दोनदा बघा.
- दोन्ही दारं आणि सामानाच्या कप्प्याचं दार हाताने ढकलून पाहिलंय का?
- सीट रुळावर पक्की बसली आहे का? खाचेत बसल्याचा आवाज आला एवढ्यावर थांबू नका. शरीराचा झोका देऊन सीट पुढे-मागे हलवून पाहा.

सावधान: सेसनाच्या सीटचा हा मुद्दा हलक्यात घेऊ नका. नाक उचलताना सीट मागे सरकली तर माणूस आधारासाठी हातातलं योकच (विमान चालवायचं हँडल) धरतो आणि ते मागे खेचलं जातं. नाक आभाळाकडे जातं आणि पाय रडरच्या (नाक डावी-उजवीकडे फिरवणाऱ्या) पेडलपर्यंत पोहोचत नाहीत. असं झालंच, तर योक सोडून दाराच्या चौकटीला धरा आणि पुढे या.

२. रनवेवर धावताना: शेवटची स्वस्त संधी

पूर्ण थ्रॉटल दिल्यावर तीन गोष्टी बोलून दाखवा: आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) अपेक्षेइतका आहे, तेलाचा दाब आणि तापमान हिरव्यात आहे, एअरस्पीडचा (हवेतल्या वेगाचा) काटा उठला आहे.

तिसऱ्या गोष्टीवर सगळ्यांत जास्त चूक होते. विमान पळतंय, झाडं मागे जातायत, पण काटा तळाशीच आहे. अशा वेळी "वर गेल्यावर उठेल" असं मन सांगतं. तो उठत नाही. १८ जुलै २०१८ रोजी ब्रिस्बेनहून एक एअरबस ए३३० तिन्ही पिटोंवर कव्हर तशीच ठेवून उडाली. त्यात अनुभवी दल आणि भरपूर उपकरणं असल्याने ती सुखरूप परत उतरली. आपल्या विमानात एकच पिटो असतो.

तपासा: रनवेचा अर्धा भाग संपेपर्यंत टेकऑफच्या वेगाच्या सत्तर टक्के वेग आला नसेल तर थांबा. १७२एस ५५ नॉटला नाक उचलते, म्हणजे अर्ध्या रनवेवर ३८-४० नॉट दिसायला हवेत.

३. हवेत गेल्यावर पहिली काही सेकंदं: नाक, वेग, इंजिन

आवाज झाला, दिवा लागला, धक्का बसला, काहीही असो. याच क्रमाने जा.

आधी नाक. क्षितिजाच्या तुलनेत नाक कुठे आहे ते बाहेर पाहून ठरवा, उपकरणात पाहून नाही. पंख समतल करा.

मग वेग. १७२एस ची नेहमीची चढाई ७४ नॉटला होते. काटा उतरत असेल तर कारण शोधण्याआधी नाक खाली करा.

मग इंजिन. हा एकच प्रश्न पुढची सगळी वाट ठरवतो: इंजिन ओढतंय का? उत्तर तीनपैकी एक असेल, आणि त्यानुसार खालच्या चार, पाच किंवा सहा क्रमांकाच्या टप्प्यावर जा.

एकदा माझ्या विद्यार्थिनीच्या बाजूचं दार साधारण दीडशे फुटांवर उघडलं. वाऱ्याचा आवाज इतका मोठा होता की हेडसेटमध्येही एकमेकांचं बोलणं तुटत होतं. चेकलिस्टचा कागद उडून मागच्या सीटवर गेला. तिने डावा हात दाराच्या मुठीवर टाकला आणि त्याच क्षणी उजव्या हाताने योक मागे आलं. वेग ७४ वरून ६१ वर उतरेपर्यंत तिने काट्याकडे पाहिलंच नव्हतं. मी योक पुढे दाबलं आणि एवढंच म्हणालो, "दार राहू दे, नाक बघ." दार तसंच फटीएवढं उघडं ठेवून आम्ही पूर्ण सर्किट (रनवेभोवतीचा ठरलेला फेरा) मारलं आणि उतरलो. विमानाला काहीही झालं नाही.

४. इंजिन पूर्ण गेलं असेल तर

नाक खाली. लगेच, आणि वाटतं त्यापेक्षा जास्त. चढाईत नाक वर असतं आणि इंजिन थांबताच वेग भराभर उतरतो. १७२एस साठी फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचे, कमी वेगात उतरण्यासाठी खाली घ्यायचे पट्टे) वर असताना ७० नॉट, खाली असताना ६५. हा वेग हातात आल्यावरच बाकीचं.

जागा निवडा, आणि निवडल्यावर बदलत बसू नका. वेळ असेल तर इंधनाचा सिलेक्टर, पंप, मिक्श्चर (हवा-इंधनाचं प्रमाण) आणि मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारं यंत्र) यांवरून एकदा हात फिरवा. पाचशे फुटांच्या खाली बहुधा तेवढा वेळ नसतो. टेकण्याआधी मिक्श्चर तोडा, इंधन बंद, इग्निशन बंद, फ्लॅप हवे तेवढे घ्या, मग मास्टर (विजेचा मुख्य स्विच) बंद. १७२ चे फ्लॅप विजेवर चालतात, म्हणून मास्टर त्यांच्या आधी बंद करायचा नाही. दार थोडं उघडून ठेवा, म्हणजे चौकट वाकली तरी अडकणार नाही.

आता रनवेकडे परत वळण्याचा मोह. हे गणित प्रत्येकाने एकदा कागदावर करावं असं मला मनापासून वाटतं. ७० नॉटला ३० अंश बँक केली (विमान एका बाजूला कलवलं) तर मागे वळायला सुमारे २० सेकंद लागतात. वळण संपतं तेव्हा तुम्ही रनवेच्या रेषेपासून साधारण ४६० मीटर बाजूला असता. म्हणजे १८० अंश पुरत नाहीत. रेषेवर यायला आणखी वळावं लागतं, मग उलटं वळून सरळ व्हावं लागतं. सरळ ग्लाइडमध्येही (इंजिनाशिवाय तरंगत उतरतानाही) मिनिटाला सातशे-साडेसातशे फूट उंची जाते, वळणात त्याहून जास्त. इंजिन गेलं हे मनाला पटायला लागणारा वेळही धरा, निदान चार सेकंद. बँक ४५ अंशांवर नेली तर वळण लहान होतं, पण स्टॉलचा वेग (ज्याखाली पंख विमान पेलत नाहीत तो) सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो. शिवाय जमीन जवळ आली की माणूस नकळत योक खेचतो आणि रडर जास्त देतो. स्पिन (गरगरत कोसळणं) सुरू व्हायला एवढं पुरतं, आणि त्या उंचीवर स्पिनमधून बाहेर यायला जागा नसते.

त्यात आणखी एक भर: टेकऑफला समोरून आलेला वारा आता पाठीमागून येतो. १० नॉटचा वारा असेल तर जमिनीवरचा वेग २० नॉटने वाढलेला असतो, आणि डोळ्यांना तो भरपूर वेग वाटल्यामुळे नाक उचलावंसं वाटतं.

सावधान: सुरक्षित उंचीवर, प्रशिक्षक सोबत घेऊन, तुमच्याच विमानात हे वळण मोजून पाहिलेलं नसेल, तर तुमच्यासाठी ते अस्तित्वातच नाही. समोर उतरा. शेताच्या मातीत पंख समतल ठेवून कमीत कमी वेगाने टेकलेल्या विमानातून माणसं चालत बाहेर येतात.

५. इंजिन अर्धवट चालतंय

ही अवस्था पूर्ण बंद पडण्यापेक्षा फसवी, कारण ती आशा देते. विमान थरथरतं, आरपीएम पडलेला असतो, पण उंची जेमतेम टिकते. माणूस ती टिकवायला नाक धरून ठेवतो आणि वेग गमावतो.

नियम एकच ठेवा: वेग सोडून उंची विकत घ्यायची नाही. ७० नॉट टिकत असतील आणि उंचीही टिकत असेल, तर हळुवार वळणं घेत रनवेच्या जवळ राहा. प्रत्येक क्षणी "आत्ता बंद पडलं तर कुठे उतरेन" याचं उत्तर तयार ठेवा. ७० नॉटला उंची जात असेल तर चौथ्या टप्प्यासारखंच समोर उतरायचं.

जे चालू आहे त्याला उगाच हात लावू नका. थोडी उंची हाती असेल तर एकेक करून बघा: सिलेक्टर दोन्ही टाक्यांवर आहे का, पंप चालू, मिक्श्चर योग्य, मॅग्नेटोची किल्ली "दोन्ही"वर आहे का? कार्ब्युरेटर असलेल्या विमानात कार्ब हीट (कार्ब्युरेटरमधला बर्फ वितळवायला गरम हवा देणारा नॉब) पूर्ण ओढा. बर्फ वितळताना इंजिन काही सेकंद आणखी खडखडतं. घाबरून ती परत ढकलणं ही नेहमीची चूक. एका बदलाचा परिणाम दिसल्याशिवाय दुसरा बदल करायचा नाही.

६. इंजिन ठणठणीत, बिघाड दुसरा

बहुतेक बिघाड या गटातले. करायचं काय? चढत राहा. हजार फुटांवर समतल व्हा, ट्रिम करा (म्हणजे योक सतत धरून ठेवावं लागणार नाही), थ्रॉटल कमी करा, आणि मग बिघाडाकडे बघा. हातांना काम हवंच असेल तर उजवा हात थ्रॉटलवर ठेवा.

याला अपवाद फक्त धूर आणि आग.

*वेगाचा काटा.* इथे थोडं थांबू या, कारण हा बिघाड खोटं बोलतो. पिटोचं पुढचं छिद्र बंद झालं आणि पाणी निचरा होणारं मागचं छिद्र उघडं असेल, तर काटा शून्याकडे जातो. हे लगेच कळतं. दोन्ही बंद झाली तर आतला दाब कोंडतो आणि काटा उंचीमापकासारखा वागू लागतो: चढताना वेग वाढल्याचं दाखवतो, उतरताना कमी झाल्याचं. चढताना "वेग फार झाला" म्हणून नाक आणखी उचलणारा वैमानिक प्रत्यक्षात स्टॉलकडे जात असतो. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी पुएर्तो प्लाताहून उडालेलं बोईंग ७५७ अशाच चुकीच्या वेगामागे गेलं आणि १८९ जण गेले.

उपाय आहे नाकाची ठरलेली जागा आणि ठरलेला आरपीएम. नाक नेहमीच्या चढाईत असतं तिथे आणि पूर्ण पॉवर असेल, तर वेग नेहमीचाच असणार, काटा काहीही म्हणो. त्यासाठी एखाद्या शांत दिवशी तुमच्या विमानाचे चार आकडे टिपून ठेवा: चढाई, समतल सर्किट, फ्लॅपसह उतरण, आणि फ्लॅपशिवाय उतरण. प्रत्येकात नाक क्षितिजापासून किती, आरपीएम किती, वेग किती. हा कागद गुडघ्यावरच्या पाटीत कायम असावा. जीपीएस जमिनीवरचा वेग दाखवतो, त्यात वारा मिसळलेला असतो. अंदाजासाठी ठीक, पण त्यावर विसंबून फायनल (रनवेच्या रेषेतली शेवटची उतरण) करू नका. १७२ चा स्टॉलचा भोंगा मात्र पंखाच्या कडेवरच्या छिद्रातून ओढल्या जाणाऱ्या हवेवर वाजतो. त्याला पिटो लागत नाही आणि वीजही नाही, त्यामुळे तो वाजला तर विश्वास ठेवा.

पिटो हीट चालू करा, निदान गोठल्यामुळे अडलं असेल तर सुटेल.

*स्टॅटिक बंद.* उंचीमापक विमानतळाच्याच उंचीवर थिजलेला, चढाईचा काटा शून्यावर, आणि वर जाल तसा वेग खऱ्यापेक्षा कमी दिसतो. पर्यायी स्टॅटिकचा नॉब ओढा. वेग आणि उंची थोडी जास्त दाखवली जाईल, ते चालेल.

*अल्टरनेटर.* व्होल्टेजचा दिवा लागला तरी इंजिन बंद पडत नाही, मॅग्नेटो स्वतःची वीज स्वतः बनवतात. हँडबुकात सांगितलं असेल तर अल्टरनेटर एकदा रीसेट करा. नाही जमलं तर नको असलेले दिवे आणि रेडिओ बंद करून उतरा. बॅटरी जाण्याआधी फ्लॅप आणि रेडिओ वापरून घ्या.

*दार.* वर सांगितलंच. बंद करायचा प्रयत्न हवेत करू नका.

*धूर.* जळक्या वायरचा वास आला तर मास्टर बंद. उंची कितीही असो. इंजिन चालूच राहतं. केबिनची हवेची दारं आधी बंद, अग्निशामक वापरा, आग विझल्यावर हवा आत घ्या. उडालेला ब्रेकर परत दाबायचा नाही. ज्वाला इंजिनाची असेल तर मिक्श्चर तोडा, इंधन बंद करा, आणि थेट चौथा टप्पा.

७. चेकलिस्ट कशी वाचायची

पाठ असलेल्या तातडीच्या कृती आधी हाताने करा, मग कागद उघडून त्या खरंच झाल्या का ते तपासा. प्रत्येक ओळीनंतर एकदा बाहेर बघा. मोठ्याने वाचा.

शेजारी दुसरा वैमानिक असेल तर विमान कोण उडवतंय हे आधी ठरवा, शब्दांत. आणि इंधन, मिक्श्चर, मॅग्नेटो यांपैकी काहीही बंद करण्याआधी बोट ठेवून दुसऱ्याला विचारा: "हेच ना?" ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेईत टेकऑफनंतर एटीआर ७२ च्या एका इंजिनाची शक्ती गेली आणि चांगलं चालणारं दुसरं इंजिन बंद केलं गेलं. ४३ जण गेले.

तपासा: शेवटची ओळ वाचून झाल्यावर नाक, वेग, उंची आणि रनवे कुठे आहे, हे चार पुन्हा बघितले का?

८. रेडिओ: कधी आणि काय

विमान सरळ उडतंय आणि कुठे जायचं ते ठरलंय, मगच बटण दाबा. टॉवरने काही विचारलं आणि हात भरलेले असले तर "स्टँडबाय" म्हणायला अजिबात संकोच नको.

जीव धोक्यात असेल तर "मेडे" तीनदा. अडचण आहे पण तात्काळ धोका नाही, तर "पॅन-पॅन" तीनदा. त्यानंतर कॉलसाइन (विमानाचं रेडिओवरचं नाव), काय झालंय, काय करणार आहात, कुठे आहात, किती माणसं. उदाहरणार्थ: "पॅन-पॅन, पॅन-पॅन, पॅन-पॅन, टॉवर, (कॉलसाइन), सेसना १७२, एअरस्पीड फेल्युअर, रिटर्निंग टू लँड, डाउनविंड वन थाउजंड फीट, टू ऑन बोर्ड." बस्स.

आधीपासून बोलत आहात तीच फ्रिक्वेन्सी वापरा. तिथे कुणी नसेल तर १२१.५. ट्रान्सपाँडरवर (रडारला विमानाचा कोड पाठवणाऱ्या उपकरणावर) आणीबाणीसाठी ७७००, रेडिओ गेला असेल तर ७६००. पाचशे फुटांवर वाकून कोड फिरवत बसू नका.

लोक हे शब्द उच्चारायला लाजतात. "उगाच गोंधळ होईल" म्हणून "थोडा प्रॉब्लेम आहे" असं काहीतरी मोघम सांगतात. मग टॉवरही त्यांना रांगेत तिसरा नंबर देतो. पॅन-पॅन म्हटल्याने कुणी तुम्हाला फासावर देत नाही, रनवे मात्र मोकळा होतो.

९. सर्किट आणि लँडिंग

इंजिन ठीक असेल तर नेहमीचं सर्किट मारा, उलट थोडं रुंदच. घाईघाईने छोटं केलेलं सर्किट म्हणजे तीव्र वळणं, आणि वेगाचा काटा बंद असेल तर ती आणखी धोक्याची. इंजिनावर शंका असेल तर उलट: रनवेला चिकटून, उंच राहा.

डाउनविंडवर (सर्किटमधला, रनवेला समांतर पण उलट दिशेचा टप्पा) नेहमीच्या लँडिंगची चेकलिस्ट पूर्ण करा. बिघाडाच्या नादात इंधनाचा पंप आणि पट्टे राहून जातात.

फ्लॅप नसतील तर फायनल सपाट दिसते, नाक नेहमीपेक्षा वर असतं, वेग थोडा जास्त लागतो आणि विमान रनवेवर तरंगत लांब जातं. सगळ्यांत लांब रनवे मागून घ्या. थ्रॉटल बंद करायची वेळ नेहमीपेक्षा आधी येते.

गो-अराउंड (लँडिंग सोडून पुन्हा वर जाणं) करायचं की नाही हे फायनलला येण्याआधी ठरवा. इंजिन धड असेल तर गो-अराउंड खुशाल करा, वेगाच्या काट्याशिवायही. इंजिन खोकत असेल तर ही एकच संधी धरून या.

१०. उतरल्यावर

रनवेवरून बाहेर या, थांबा, पार्किंग ब्रेक, आणि मगच श्वास सोडा. धूर आला असेल तर टॅक्सी करू नका. तिथेच बंद करून बाहेर पडा, प्रोपेलरच्या पंख्याच्या मागच्या बाजूने.

दार नीट लागलं, काटा आता हलतोय, म्हणून लगेच पुन्हा उडू नका. विमान इंजिनिअरच्या ताब्यात द्या. बिघाडाच्या नोंदीत "एएसआय खराब" (एएसआय म्हणजे वेगाचा काटा) एवढंच लिहिलं तर त्याला काहीच कळत नाही. असं लिहा: धावताना काटा ४० पर्यंत उठला, तीनशे फुटांपासून चढाईत वाढत ११० वर गेला, उतरताना कमी होत गेला, पिटो हीटने फरक पडला नाही. तो मग थेट निचऱ्याच्या छिद्राकडे जाईल.